अंगावर वाचला गेलेला आजार

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घोड नदीच्या उगमाजवळ, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे वसले आहे. एका अंगाने आहुपे घाट मुरबाड तालुक्यातल्या खोपिवलीकडे कोकणात उतरतो, तर दुसऱ्या अंगाने डिंभे धरणाच्या पाण्याकडेने घोडेगाव-मंचरची वाट जाते. महादेव कोळी समाजाची वस्ती, भाताची खाचरे, हिरड्याची झाडे, देवराई आणि भोवती भीमाशंकर अभयारण्याचे रान असे हे गाव. अशा गावांत आवणी, कापणी, हिरडा वेचणे, डोक्यावरून भारा आणणे ही सगळी कामे अंगबळावर चालतात, म्हणून माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला की पहिली नजर त्याच्या अंगावर जाते. ‘लय वाळलास’, ‘तब्येत उतरली’, ‘जरा भरलीस आता’ असे बोलणे ही तिथली विचारपूस आहे आणि त्यात मायाच असते. अंगावरून माणसाचे बरेवाईट ओळखण्याचा हा रिवाज घाटमाथ्यावर आहे तसाच देशावर आणि मुंबईच्या चाळींतही आहे. एचआयव्हीच्या गेल्या चाळीस वर्षांत या मायेच्या नजरेतून एक संशयाची नजर फुटली. तो संशय एकट्या गावाने निर्माण केलेला नाही. वैद्यकशास्त्राच्या व्याख्या, सरकारी भिंतीवरची चित्रे, उशिरा मिळालेले उपचार आणि काही काळ खुद्द औषधेही त्याला कारण झाली. आज विशी-पंचविशीत असलेली, लहानपणापासून एचआयव्हीसह जगणारी मुले-मुली आरशात स्वतःला पाहून अस्वस्थ होतात, तेव्हा त्या अस्वस्थतेला नट्टापट्टा किंवा वयाचा खुळेपणा म्हणून बाजूला सारले जाते. ती या इतिहासाची शिल्लक आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. आहुप्यात किंवा शेजारच्या कोणत्या वाडीत कोणाला लागण आहे, हा इथला प्रश्न नाही आणि तो कोणी विचारूही नये. डोंगरातल्या लहान गावात ही नजर कशी काम करते, हे समजून घेण्यापुरतेच आहुपे इथे घेतले आहे.

आजार अंगावर वाचायची सवय एचआयव्हीच्या फार आधीची आहे. देवीचा रोग चेहऱ्यावर कायमचे वण ठेवून जाई आणि लग्नाच्या बाजारात त्या वणांचा हिशेब होई. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. भारतात लागू पडलेली देवीची ती पहिली लस. तरीही देशातून देवी हद्दपार व्हायला १९७५ साल उजाडावे लागले. तोवर पावणेदोनशे वर्षांत कित्येक पिढ्यांनी वणांचे चेहरे घेऊन आयुष्य काढले. देवीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र बरी होती. वण म्हणजे आजार येऊन गेल्याची खूण, त्या माणसापासून आता धोका नाही, हे लोक अनुभवाने जाणत होते. महारोगाचे तसे नव्हते. बोटे, नाक, कानाच्या पाळ्या, त्वचेवरचे चट्टे यांतून तो आजार ओळखला जाई आणि आजार पूर्ण बरा झाला तरी झडलेली बोटे परत येत नसत. त्यामुळे माणूस बरा झाला हे त्याचे शरीर कोणाला सांगू शकत नसे. १८९० साली मुंबईत वडाळ्याला सुरू झालेले ॲकवर्थ रुग्णालय, १८९८ चा महारोग्यांविषयीचा कायदा, पुढे अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन या साऱ्यांच्या मागे हाच पेच होता. महारोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद वैयक्तिक कायद्यांतून काढायला संसदेला २०१९ साल उजाडले. औषधाने जंतू मरतात, पण अंगावरची खूण आणि ती वाचणारी नजर दोन्ही मागे उरतात, हा धडा महाराष्ट्राला एचआयव्हीच्या कितीतरी आधी मिळाला होता.

महारोगाच्या इतिहासात आणखी एक प्रकरण आहे, ज्याची आठवण एचआयव्हीच्या चर्चेत क्वचितच निघते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने महारोगावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत सुचवली आणि त्यानंतर ती भारतात राबवली गेली. वर्धा हा तिच्या अगदी सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी एक. या उपचारातले एक औषध म्हणजे क्लोफाझिमिन. ते गुणकारी होते आणि आहे, पण त्याने कातडी तांबूस-काळी पडते, विशेषतः चट्ट्यांच्या जागी आणि उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावर. औषध थांबल्यावर काही महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, रंग निवळतो. पण तोवर ज्याचा आजार कपड्याआड लपला होता, त्याच्या चेहऱ्यावर औषधाने तो आणून ठेवलेला असे. रुग्णांची ही तक्रार डॉक्टरांना ठाऊक होती आणि काही रुग्ण तेवढ्यासाठी औषध नाकारत. यातून एक तत्त्व निघायला हवे होते. छुपा राहू शकणाऱ्या आजाराचे औषध अंगावर दिसत असेल, तर ते दिसणे हा उपचाराचाच प्रश्न मानला पाहिजे. तसे तत्त्व निघाले नाही. दोन दशकांनी तीच चूक कितीतरी मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली.

एचआयव्हीची गोष्ट सुरू झाली तीच शरीर वाचण्यापासून. रक्ताची चाचणी बहुतेक गरीब देशांत पोचलेली नव्हती, तेव्हा ऑक्टोबर १९८५ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगुई शहरात तज्ज्ञांची बैठक झाली आणि चाचणीविना एड्स ओळखण्याची व्याख्या ठरली. तिच्यातली मोठी लक्षणे अशी: दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे, महिन्याहून अधिक हगवण, महिन्याहून अधिक ताप. त्याच वर्षी युगांडातल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये या आजाराचे वर्णन केले ते तिथल्या लोकांनी दिलेल्या ‘स्लिम’ या नावानेच. त्या परिस्थितीत याला पर्याय नव्हता आणि बांगुईच्या व्याख्येने आफ्रिकेतली साथ मोजायला मदतही केली. पण परिणाम असा झाला की हाडकुळा देह हाच एड्सचा चेहरा म्हणून जगभर गेला. भारतात १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकाराने घेतलेल्या नमुन्यांत पहिल्यांदा लागण आढळली आणि त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या रुग्णाची नोंद झाली. त्यानंतरच्या दशकात भिंतींवर, एसटी स्थानकांत आणि शाळांच्या प्रदर्शनांत जी चित्रे लागली, त्यांत कवट्या, सांगाडे आणि खोल गेलेले डोळे होते. लोकांना घाबरवल्याशिवाय ते सावध होणार नाहीत, असा त्या चित्रांमागचा हिशेब होता. लोक सावध किती झाले ते मोजणे अवघड आहे. मात्र रोड झालेल्या माणसाकडे कोणत्या शंकेने पाहायचे, हे त्या चित्रांनी गावोगावी शिकवले.

ही शंका घाटमाथ्यावरच्या गावांना फार लवकर भिडू शकत होती, कारण जुन्नर-आंबेगावचा आणि मुंबईचा संबंध जुना आहे. या तालुक्यांतून माणसे माथाडीकामाला, गोदीत, भाजीबाजारात आणि डबे पोचवायला मुंबईत गेली. डोंगरपट्ट्यातली आदिवासी कुटुंबे हंगामात खाली नारायणगाव-मंचरच्या बागायतीत मजुरीला उतरतात. मुंबईहून खंगून परतलेला माणूस गिरण्यांच्या काळातही गावांनी पाहिला होता. तेव्हा त्याचे निदान क्षय असे आणि गाव त्याला घाबरत असले तरी त्याच्या चारित्र्याचा पंचनामा करत नसे. १९९० नंतर तोच देह दिसला की शंका दुसरीकडे जाऊ लागली. वैद्यकीयदृष्ट्या हे अनुमान पुन्हा पुन्हा चुकणारे होते. एक तर आदिवासी पट्ट्यात कृशपणाची सर्वांत मोठी कारणे अर्धपोटी राहणे, अतिश्रम आणि क्षय हीच होती. दुसरे म्हणजे लागण झालेला माणूस कित्येक वर्षे पूर्ण धडधाकट दिसतो. भोसरीला १९९२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. पुण्यातल्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या विवाहित स्त्रियांमध्येही लागण आहे, हे त्याने दाखवले. त्यांना धोका होता तो त्यांच्या पतीकडून. धट्टाकट्टा दिसणारा माणूस निर्धोक असे धरून चालणे घरातल्या स्त्रीच्या जिवावर बेतत होते. शरीर वाचण्याची सवय दोन्हीकडून फसली. क्षयाने वाळलेल्या निर्दोष माणसावर तिने शिक्का मारला आणि ज्याच्यापासून सावध व्हायचे त्याला ती ओळखू शकली नाही.

उपचार आले तेव्हा ही सवय मोडायला हवी होती. १९९६ मध्ये तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने एड्सचे मरण थांबवता येते हे सिद्ध झाले, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या डॉ. युसूफ हमीद यांनी तोच उपचार सेवाभावी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगाचे औषधकारण बदलले. त्या स्वस्त उपचारात स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन ही तीन औषधे होती आणि ती एकाच गोळीत बसवता आली. सकाळी एक, संध्याकाळी एक. फ्रीज लागत नाही, गुंतागुंतीचे वेळापत्रक लागत नाही. डोंगरातल्या माणसाला हाच उपचार झेपण्यासारखा होता. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने आठ रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या औषधांचा हा उपचार, सुरू केली. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. पुढे पुण्यात ससून, पिंपरीत यशवंतराव चव्हाण रुग्णालय अशी केंद्रे उघडत गेली. आहुप्यापासून ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर. दर महिन्याला गोळ्यांसाठी जायचे, तर एसटी, बुडालेली मजुरी आणि ‘पुण्याला कशाला जातोस’ या प्रश्नाचे उत्तर, असा तिहेरी खर्च होता. शिवाय सुरुवातीच्या नियमानुसार सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी २०० च्या खाली गेल्यावरच उपचार मिळत. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५०० च्या वर असतो. म्हणजे शरीर चांगलेच खंगेपर्यंत थांबायचे आणि मग औषध घ्यायचे. त्या काळातला रोडपणा विषाणूने आणला खरा, पण तो चेहऱ्यावर उमटेपर्यंत वाट पाहायला लावली ती धोरणाने आणि पैशाच्या टंचाईने.

औषध सुरू झाले की पहिले काही महिने चमत्कारासारखे जात. ताप जाई, भूक परते, वजन चढे, माणूस कामाला लागे. वर्ष-दोन वर्षांनी अनेकांच्या शरीरात दुसराच बदल दिसू लागे. गालफडे आत जात, कपाळाच्या बाजू खोल होत, हातापायांवरची चरबी विरघळून शिरा दोरीसारख्या वर येत. काहींचे पोट मात्र सुटे, काहींच्या मानेमागे गोळा वाढे. स्टॅव्ह्युडिन पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या सूत्रकणिकांना इजा करते आणि चरबीच्या पेशी त्यात आधी बळी पडतात, हे त्यामागचे कारण. चरबीच्या या विस्कळीत वाटणीचे पहिले सविस्तर वर्णन सिडनीतल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये केले. म्हणजे भारतात मोफत उपचार सुरू होण्याच्या सहा वर्षे आधी. श्रीमंत देशांत २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच या औषधाचा वापर झपाट्याने घटला. जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करा असा सल्ला दिला तो नोव्हेंबर २००९ मध्ये आणि भारतात ते मागे पडायला त्याहून पुढचा काळ लागला. या वर्षांत एक क्रूर गोष्ट घडत होती. रक्तातला विषाणू ताब्यात होता, सीडी-४ वाढत होत्या, डॉक्टरांच्या कागदावर रुग्ण उत्तम होता आणि त्याच वेळी त्याचा चेहरा भिंतीवरच्या जुन्या चित्रासारखा होत चालला होता. आजार लपवण्याची ज्याला गरज होती, त्याची चुगली त्याचीच गोळी करत होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्या गोळीने लाखो माणसे मरणाच्या दारातून परत आणली, तिच्या बाबतीत गालांच्या खळग्यांची तक्रार करणे हा कृतघ्नपणा नाही का? स्टॅव्ह्युडिन नसते तर २००४ मध्ये सरकारला एवढे स्वस्त आणि सोपे औषध देता आले नसते. झिडोव्ह्युडिन हा पर्याय होता, पण त्याने रक्तक्षय होतो आणि आधीच अंगात रक्त कमी असलेल्या आपल्याकडच्या स्त्रियांना तो धोक्याचा होता. टेनोफोव्हिर हा दुसरा पर्याय त्या काळी महाग होता. हे सगळे खरे आहे, म्हणून त्या वर्षी ते औषध निवडणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यायचा तो पुढच्या वर्षांतल्या ऐकण्याला. रुग्णाने ‘माझा चेहरा बिघडला’ म्हटले की ‘जीव वाचला ना’ हे उत्तर मिळे आणि तक्रार तिथेच संपे. फ्रान्समधल्या रुग्णगटाच्या २००१ सालच्या अभ्यासात असे दिसले होते की, शरीराची ठेवण बिघडल्याचे ज्यांनी स्वतः सांगितले, त्यांच्यात कालांतराने औषध नियमित घेण्यात खंड पडण्याचे प्रमाण जास्त होते. एचआयव्हीत गोळ्या चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग महागडी दुसऱ्या टप्प्याची औषधे लागतात. भारतात ती सरकारी केंद्रांतून द्यायला २००८ साली सुरुवात झाली, तीही मुंबई आणि चेन्नई अशा दोनच ठिकाणी. तेव्हा चेहऱ्याची तक्रार ऐकणे हे जीव वाचवण्याच्या आड येणारे काम नव्हते. उपचार टिकवण्याचाच तो भाग होता. अमेरिकेत २००४ मध्येच एचआयव्हीमुळे बसलेले गाल भरण्यासाठीच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. आपल्याकडे असे इंजेक्शन परवडणारे नव्हते, पण प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

मोठ्यांच्या बाबतीत शरीर आधी घडले आणि मग बिघडले. मुलांच्या बाबतीत ते घडतानाच आजार सोबत होता. आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याच्या सेवा सर्वदूर पोचण्याआधी, म्हणजे १९९० च्या दशकात आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जी मुले लागण घेऊन जन्मली, त्यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवरचा खास उपचार कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झाला. तोवर पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये उभी केलेली ‘मानव्य’, अहमदनगरची ‘स्नेहालय’, पंढरपुरात मंगलताई शहा यांची ‘पालवी’ अशा संस्था यांतल्या अनाथ मुलांना सांभाळत होत्या. उपचाराविना काढलेल्या वर्षांनी या मुलांची वाढ खुंटवली. उंची कमी राहिली, वयात येणे लांबले, खाजऱ्या पुरळाचे काळे डाग हातापायांवर राहिले. औषधांनीही आपापली भर घातली. झिडोव्ह्युडिनने नखांवर काळसर पट्टे येतात, दुसऱ्या टप्प्यातल्या अटाझानाव्हिरने कावीळ नसताना डोळे पिवळट दिसतात. यातले बरेचसे आरोग्याला अपाय न करणारे आहे. पण सोळाव्या वर्षी बारा वर्षांचे दिसणे हे वर्गात, वसतिगृहात आणि गावच्या जत्रेत रोज सोसावे लागते. ग्रामीण तरुणांच्या सर्वांत मोठ्या आशेचे उदाहरण घ्या. पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराला १६५ सेंटिमीटर उंची लागते, छाती मोजली जाते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या घोळक्यात ज्याची उंची भरत नाही, त्याला कारण विचारले जाते. जे इतरांसाठी केवळ अपयश असते, ते या मुलासाठी उघडे पडण्याची भीती होते.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. कलंक रूपावर चालत नाही, तो नावावर चालतो, असे म्हणता येईल. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले. ती मुले गावच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा पालकांनी आपल्या मुलांना शाळेत पाठवणे बंद केले आणि ते प्रकरण २००९ मध्ये राज्यभर गाजले. तिथे कोणी मुलांचे गाल किंवा नखे पाहिली नव्हती, संस्थेचे नाव पुरेसे होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली ज्या मजुराच्या बाजूने निकाल दिला, तोही अंगाने कामाला योग्य होता. त्याला नाकारले गेले ते चाचणीच्या कागदामुळे. काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि त्याची ओळखही उघड होऊ दिली नाही. म्हणजे कलंकाचे मूळ नावात आहे, हे मान्य. पण याच उदाहरणांतून उलट गोष्टही सिद्ध होते. नाव कळल्यावर एवढे सोसावे लागते, म्हणूनच नाव न कळू देणे हा बहुतेकांचा आधार आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, कागदावरची गुप्तता पक्की केली. कायद्यातले ठरावीक अपवाद सोडले तर संमतीशिवाय कोणी लागण उघड करू शकत नाही. पण कायदा रुग्णालयाच्या नोंदवहीला कुलूप लावू शकतो, चेहऱ्याला लावू शकत नाही. सगळे एकमेकांना ओळखतात अशा तीन-चारशे उंबऱ्यांच्या गावात नोंदवही कोणी वाचत नाही, माणूस वाचला जातो. म्हणून जिथे नाव लपलेले असते, तिथे रूपाचा प्रश्न सर्वांत टोकदार होतो.

तिसरा आक्षेप आजच्या काळातला. शरीराविषयीची नाराजी कोणाला नसते? मोबाइलवर रोज चेहरे गोरे आणि कमरा बारीक करून दाखवले जात असताना प्रत्येक तरुण मुलगा-मुलगी स्वतःत काहीतरी खोट शोधते. मग एचआयव्ही असलेल्यांचेच वेगळे काय? वेगळे हे की, इतरांच्या नाराजीत ‘मी चांगली दिसते का’ हा प्रश्न असतो आणि यांच्या नाराजीत ‘माझ्याकडे पाहून कळते का’ हा. पहिल्याचे उत्तर मैत्रीण देऊ शकते, दुसरा प्रश्न मैत्रिणीला विचारताच येत नाही. जिम, आहार, बारीक होण्याचे उपाय यांवर सगळे खुलेपणाने बोलतात, पण ज्याला बारीक होण्याचीच धास्ती आहे त्याला त्या बोलण्यात भाग घेता येत नाही. लग्नाच्या वयात याला आणखी धार येते. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीचे अंग, वर्ण, उंची आजही न्याहाळली जाते. एचआयव्हीबाधितांचे वधू-वर मेळावे महाराष्ट्रात भरू लागले, त्यामुळे नाव सांगण्याचा प्रश्न काहींपुरता सुटला. रूपाची तपासणी मात्र तिथेही सुटत नाही, कारण समोरचाही अंगावरूनच आजार किती ‘पुढे गेला’ हे ताडत असतो. नियमित औषध घेऊन रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. ही गोष्ट चेहऱ्यावर दिसत नाही आणि वजनकाट्यावरही नाही. ती फक्त रक्तातला विषाणू मोजणाऱ्या व्हायरल लोडच्या चाचणीत कळते.

मग आता औषधे चांगली आली, प्रश्न संपला, असे तरी म्हणता येईल का? अर्धे खरे आहे. २०१७ पासून भारतात सीडी-४ कितीही असोत, निदान होताच उपचार मिळतो, त्यामुळे खंगेपर्यंत थांबणे संपले. स्टॅव्ह्युडिन गेले आणि गेल्या काही वर्षांत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकच गोळी आली. आज वेळेवर उपचार घेणारा तरुण आणि त्याचा लागण नसलेला भाऊ शेजारी उभे केले तर फरक दिसू नये. पण २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवले की डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन लक्षणीय वाढते. आपल्याकडे याचा अर्थ उलटा लागतो. रोडपणाने ज्यांना घाबरवले त्यांना वाढते वजन हे ढालीसारखे वाटते. गाव ‘तब्येत सुधारली’ म्हणून कौतुक करते आणि संशय मिटतो. त्यामुळे वजनासोबत येऊ शकणारा मधुमेह किंवा रक्तदाब सांगूनही ते वजन कमी करावेसे वाटत नाही. उलट शहरात वाढलेली मुलगी त्याच वजनाने खट्टू होते आणि गोळीलाच दोष देते. दोन्हीकडे मनात तीच जुनी नजर आहे. स्टॅव्ह्युडिनच्या काळातले खळगे औषध बदलल्यावर हळूहळू आणि अर्धवटच भरतात, खुंटलेली उंची परत मिळत नाही. ही पिढी आता कमावती आहे, संसार मांडते आहे, आणि तिला पूर्वीच्या धोरणांची किंमत स्वतःच्या अंगावर वागवावी लागते.

या इतिहासाचा निवाडा असा: तरुण रुग्णांना शरीराविषयी वाटणारी लाज ही त्यांच्या मनाची कमजोरी मानून एखाद्या समुपदेशनाच्या बैठकीत उरकता येणार नाही. भीतीची चित्रे, उशिरा दिलेला उपचार आणि अंगावर उमटणारी औषधे यांनी ती घडवली, म्हणून ती उतरवण्याची जबाबदारीही आरोग्यव्यवस्थेची आणि समाजाची आहे. एआरटी केंद्रात दर भेटीला वजन नोंदवतात, तसे ‘अंगात काही बदल वाटतो का, त्याचा त्रास होतो का’ हे विचारून नोंदवावे. औषध बदलता येत असेल तर ‘जीव वाचला ना’ म्हणून रुग्णाला परत पाठवू नये. आश्रमशाळांतल्या आरोग्य तपासणीत मुलाची कमी उंची किंवा रोडपणा दिसला, तर तपासणाऱ्याने सर्वांसमोर अंदाज बोलून दाखवू नये. आधी आहार आणि क्षय तपासावा आणि पुढची कोणतीही चाचणी कायद्याप्रमाणे संमतीने आणि गुप्ततेनेच करावी. डोंगरी गावांसाठी गोळ्या एका वेळी अधिक महिन्यांच्या द्याव्यात, म्हणजे पुण्याच्या फेऱ्या कमी होतील आणि त्यांची चर्चाही. आणि वाचकांनी एक करावे. माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला तर त्याच्या अंगाविषयी न बोलता विचारावे, कसा आहेस. उत्तर काय द्यायचे ते त्याचे त्याला ठरवू द्यावे.